मशीन काढतात म्हणजे आशा सोडतात असं नाही

मी तुमची बचत गटाची समन्वयक ताई. आज हिशेबाचं नाही, दवाखान्यातलं बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या मालकांना हृदयविकाराचा झटका आला. अतिदक्षता विभागात त्यांना बलूनचं मशीन लावलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता मशीन हळूहळू कमी करतोय." ताईंनी रडतच मला फोन केला, "पैसे कमी पडले म्हणून काढत असतील का गं?" मी लगेच निघाले. तिथं डॉक्टरांनी जे समजावलं, तेच तुम्हाला सांगते.

जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेतात. तिच्या टोकाला लांबट फुगा असतो. तो हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत बसतो. हृदय सैल पडलं की फुगा फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे रक्त ढकलतो. हृदय आकुंचन पावायच्या वेळी तो मिटतो, म्हणजे हृदयाला जोर कमी लावावा लागतो. चढावर बैलगाडीला मागून हात लावतो ना, तसं. माणसावर हा उपाय पहिल्यांदा १९६७ साली अमेरिकेत डॉ. एड्रियन कँट्रोविट्झ यांनी केला.

मग एवढं चांगलं मशीन काढायचं कशाला? कारण ते जास्त दिवस ठेवण्यातही धोका आहे. पायाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो, रक्तस्राव होतो, जंतुसंसर्ग होतो.

पण ते एकदम काढत नाहीत. बाळाचं अंगावरचं दूध आपण कसं सोडवतो? एक वेळ कमी करतो, पेज भरवतो, पचतंय का बघतो. डॉक्टर याला 'वीनिंग' म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ दूध सोडवणं हाच आहे! आधी फुगा हृदयाच्या दर ठोक्याला फुगतो. मग दोन ठोक्यांमागे एकदा, मग तीन ठोक्यांमागे एकदा. प्रत्येक वेळी रक्तदाब, लघवीचं प्रमाण, श्वास, हातापायांची ऊब बघतात. सोनोग्राफीसारख्या इको तपासणीत हृदय किती जोरानं चालतंय ते कळतं.

ताईंच्या मालकांचा रक्तदाब पहिल्यांदा घसरला, तेव्हा मशीनचा आधार पुन्हा वाढवला. ताई घाबरल्या. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला अजून विश्रांती हवी, एवढाच याचा अर्थ." दोन दिवसांनी पुन्हा केलं, आणि या वेळी जमलं.

मैत्रिणींनो, सगळ्यांचंच हृदय सावरतं असं नाही, हेही खरं. म्हणून गप्प बसू नका, विचारा. पहिला प्रश्न: "मशीन कमी करताय ते पेशंट सुधारतोय म्हणून, की आता उपाय उरला नाही म्हणून?" दुसरा: "झेपलं नाही तर पुढे काय करणार?" तिसरा: "खर्च किती, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं?" योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र असतात, त्यांना पहिल्याच दिवशी भेटा.

नळी काढल्यावर त्या जागी बराच वेळ दाबून धरतात आणि पाय काही तास सरळ ठेवायला सांगतात. पट्टी ओली झाली, पाय गार पडला, बधिर झाला, तर लगेच नर्सला हाक मारा. आपण जवळ बसतो, तर आपली नजर कामाला येते.

ताईंना गटातून तातडीचं कर्ज दिलं, त्याचे हप्ते चालू आहेत. मालक आता घरी आहेत, गोळ्या वेळेवर घेतात. छातीत दुखलं, घाम फुटला, तर 'गॅस असेल' म्हणून वाट बघत बसू नका. १०८ ला फोन करा. ताई परवा बैठकीत म्हणाल्या, "त्या दिवशी विचारलं नसतं, तर दोन दिवस मनानं मेलेच असते."

तेव्हा विचारायला लाजू नका.