गुरू, शिष्य आणि साक्ष

बुवा-महाराजांच्या नादी लागतात ती लासूर स्टेशनसारख्या आडगावच्या आसपासची अशिक्षित माणसे, असा शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा एक सुखकर समज असतो. तो किती पोकळ आहे, हे 1862 साली मुंबईच्या भर न्यायालयात उघडकीस आले.

करसनदास मूळजी हे एल्फिन्स्टन संस्थेत शिकलेले तरुण पत्रकार. आपल्याच वैष्णव संप्रदायातील महाराज तन, मन, धन यांचे समर्पण घेतात आणि त्यातील ‘तन’ या शब्दाची मजल शिष्यांच्या स्त्रियांपर्यंत नेतात, असा आरोप त्यांनी 1860 साली आपल्या ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात केला. जदुनाथजी महाराजांनी त्यांच्यावर 50,000 रुपयांची अब्रुनुकसानीची फिर्याद लावली.

आता हे शिष्य कोण होते? दमडीचा हिशेब न चुकणारे मुंबईचे धनिक व्यापारी! महाराजांविरुद्ध साक्ष देईल त्याला वाळीत टाकावे, असे भाटिया ज्ञातीच्या पुढाऱ्यांनी सभा भरवून ठरविले. या कटाबद्दल न्यायालयाने त्यांना दंडही केला. गुरूच्या पदरी ना शिपाई असतो, ना तुरुंग. अनुयायीच एकमेकांवर पहारा करतात. ज्याला मुलीचे लग्न ज्ञातीतच करावयाचे आहे, ज्याची पेढी ज्ञातीच्या विश्वासावर चालते, त्याने डोळ्यांनी पाहिलेले तरी बोलावे कसे?

अशा वेळी साक्षीस उभे राहिले ते डॉक्टर भाऊ दाजी लाड. गोव्यातील मांद्रे येथे जन्मलेले हे वैद्य मुंबईभर नावाजलेले होते. महाराजांच्या गुप्तरोगाविषयी त्यांनी शपथेवर सांगितले. रोग्याचे गुपित फोडणे वैद्याला सोपे नसते. परंतु येथे प्रश्न अनेक घरांच्या अब्रूचा होता. 22 एप्रिल 1862 रोजी निकाल लागला, तो करसनदासांच्या बाजूने. पुढे ते विलायतेस जाऊन आले, तेव्हा ज्ञातीने त्यांना बहिष्कृत केले.

पुण्यास 1974 साली आश्रम स्थापणारे रजनीश 1981 साली अमेरिकेस गेले. ऑरेगॉन प्रांतात त्यांच्या शिष्यांनी जे नगर वसविले, त्यात पदवीधरांचा मोठा भरणा होता. 1984 साली स्थानिक निवडणुकीत मतदारांना घरी बसविण्याच्या हेतूने त्यांच्यापैकी काहींनी शेजारच्या गावातील उपाहारगृहांच्या अन्नात रोगजंतू मिसळले. 751 माणसे आजारी पडली. पुढच्या वर्षी कारभारी मंडळींत फूट पडून खुद्द रजनीशांनीच वाच्यता करेपर्यंत याचा सारा ठपका उपाहारगृहांतील नोकरांच्या अस्वच्छतेवर ठेवला गेला होता.