युटोपिया बेट व आमची जमीन

संत थॉमस मोर यांनी १५१६ साली ‘युटोपिया’ नामक आदर्श बेटाचे वर्णन प्रसिद्ध केले. तेथे जमीन कोणा एकाची नाही, काम दिवसाचे सहाच तास. आणि सोने कशास, तर गुलामांच्या बेड्यांस! परंतु आम्हां तळोदेकरांस ग्रंथाचा पूर्वार्धच अधिक जवळचा वाटतो. मेंढ्यांच्या कुरणांपायी इंग्लंडात शेतकरी देशोधडीस लागत, त्याची व्यथा तेथे आहे. १९७२ साली शहादे-तळोदे भागात श्रमिक संघटनेचे आदिवासी आपल्या गेलेल्या जमिनीच परत मागत होते. एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. त्या निर्दोष बेटावर शेजारदेशींचे गरीब आपण होऊन दास्य पत्करावयास येत, असे ग्रंथकार सहज लिहून जातात. तेथे वाचताना, ऊसतोडीसाठी मुलाबाळांसह गुजरातेत जाणारे आमचे शेजारी आम्हांस आठवतात.