साइटच्या नकाशात आधी माणूस



वाणगावात आपण जमलो आहोत, तेव्हा आजूबाजूला काय चाललं आहे ते आधी पाहू. विरार-डहाणू रेल्वेचं चौपदरीकरण सुरू आहे. 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा मार्ग याच पालघर जिल्ह्यातून जातो. वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला झालं. मच्छीमारांचा त्याला विरोध आहे आणि त्यांचं म्हणणं ऐकलंच पाहिजे. पण आज मी बोलणार आहे ते कारागिरांविषयी. एवढी कामं उभी राहताहेत आणि सेंटरिंगचा सुतार मिळत नाही, फिटर मिळत नाही.

मे 2020 मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, श्रमिक गाड्यांतून गावी गेलेले सगळेच काही परतले नाहीत. अनेकांना गावाजवळच काम मिळू लागलं. पुढे इस्रायलने सेंटरिंग, लोखंडकाम, टाइल्स आणि प्लास्टर या चार कामांसाठी भारतातून माणसं नेली. नेमकी हीच चार कामं आपल्याकडे अडतात. 2024 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी 25 ते 30 हजार मजुरांची टंचाई जाहीरपणे सांगितली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर बोईसरच्या छोट्या ठेकेदाराचं काय होत असेल!

या टंचाईचा पहिला परिणाम साइटच्या मांडणीवर झाला. पूर्वी प्लॉट ताब्यात आला की वाळू-खडीचे ढीग, सिमेंटचं गोदाम, मिक्सर आणि स्टील यार्ड यांच्या जागा ठरायच्या. आता सळई कारखान्यातूनच कापून, वाकवून, टॅग लावून येते, त्यामुळे यार्ड आक्रसलं. काँक्रीट रेडीमिक्सच्या गाडीतून येतं आणि ते साधारण दोन तासांत उतरवावं लागतं. चिल्हार-बोईसर रस्त्यावर गाडी अडकली की ते दोन तास कसे जातात, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून गेट, गाडी वळायची जागा आणि पंपाची जागा आधी आखावी लागते.

साच्याचं कामही बदललं. ॲल्युमिनियमच्या फॉर्मवर्कचंच पाहा. प्रत्येक पॅनेलवर नंबर असतो. पिन घालायची, पाचर ठोकायची, पुढचं पॅनेल लावायचं. स्लॅबमध्ये ठेवलेल्या चौकोनी खिडकीतून खालची पॅनेलं हातोहात वर जातात. प्लायवुड कापून, टेकू लावून साचा उभा करणाऱ्या सुताराला जे शिकायला वर्षं लागत, त्यातलं बरंचसं काम इथे नवा मुलगा काही आठवड्यांत उचलतो. पण भिंतही काँक्रीटची असते. विजेचा पाइप राहिला, तर नंतर छिन्नीने खाच पाडून भागत नाही. म्हणजे कौशल्याची गरज संपली नाही. ती ड्रॉइंगच्या टेबलाकडे आणि ओळंबा तपासणाऱ्या फोरमनकडे सरकली. डहाणू तालुक्यातल्या साखरे इथे 2025 मध्ये 40 मीटर लांबीचा, सुमारे 970 टनांचा बुलेट ट्रेनचा अखंड गर्डर खांबांवर बसवला गेला. तो यार्डात ओतायला आणि जागेवर बसवायलाही तयार हात लागतातच.

हे हात शोधायला आपण मालदा आणि गोरखपूरला माणसं पाठवतो. आणि आपल्याच जव्हार, मोखाडा, विक्रमगडची आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात. त्यातला जो तरुण आपल्या साइटवर येतो, तो बिगारी म्हणून येतो आणि पाट्या वाहत बिगारीच राहतो. त्याच्या हातात थापी कुणी दिलीच नाही. मला हा आपल्या धंद्याचा सर्वांत मोठा दोष वाटतो. भाताच्या लावणीला आणि होळीला तो गावी जाणार, हे आपल्याला माहीत असतं. ते धरून वेळापत्रक करायचं सोडून आपण त्याच्या नावावर खाडा मांडतो.

बाहेरून आलेला कारागीरही टिकेल, तर राहण्याच्या सोयीवर. पत्र्याच्या खोलीत दहा जण कोंबले, पाण्याचा टँकर आला नाही, की तो दुसऱ्याच आठवड्यात दुसरी साइट धरतो. 50 पेक्षा जास्त महिला कामगार असतील तिथे पाळणाघर हवं, असं 1996 चा बांधकाम कामगार कायदा सांगत होता. किती साइटवर ते दिसलं?

म्हणून माझी विनंती अशी आहे. पुढच्या कामाचा साइट लेआउट काढाल, तेव्हा खोल्या, पाणी, संडास आणि पाळणाघर पहिल्या दिवशीच आखा. शेजारी एक शेड शिकवण्यासाठी ठेवा. तिथे अनुभवी गवंड्याला आणि फिटरला शिकवण्याची वेगळी मजुरी द्या, आणि पहिली तुकडी याच जिल्ह्यातल्या मुलामुलींची घ्या.