लंबकाचे दोन तास

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे मुलं येतात, सोबत आई-वडील असतात, आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, बीएस्सीला गणित धरावं की फिजिक्स?" मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. माझं उत्तर एकच आहे, दोन्ही घ्या. आणि पदवी हातात पडेपर्यंत दोन्हींपैकी एकही सोडू नका.

का, ते सांगतो. एफवायला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल असतं. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा, हातात स्टॉपवॉच. वीस आंदोलनांना साधारण चाळीस सेकंद लागतात. सर बजावतात, कोन लहान ठेव. किती लहान आणि कशासाठी, हे मुलं सहसा विचारत नाहीत. जर्नल लिहून मोकळी होतात. त्याच सुमारास गणिताच्या तासाला फळ्यावर टेलरची श्रेणी येते: साइन थीटा म्हणजे थीटा, वजा थीटाचा घन भागिले सहा, आणि असंच पुढे. मुलं तीही पाठ करतात. लंबक प्रयोगशाळेत राहतो, श्रेणी वर्गात. दोघांची गाठ पडत नाही.

ती तुम्ही घालून द्या. गोळा आधी पाच अंशांवरून सोडा, मग तीस अंशांवरून. पाच अंशांना रेडियनमधला कोन आणि त्याचा साइन यांत हजारात एखाद्याचाच फरक असतो. तीस अंशांना तो शेकडा पाचाच्या जवळ जातो. श्रेणीतलं जे पद आपण बिनदिक्कत सोडून दिलं होतं, ते आता घड्याळात उतरतं. वीस आंदोलनांना सुमारे ०.७ सेकंद जास्त लागतात. गोळा जड असला तर साध्या स्टॉपवॉचवरही हा फरक पकडता येतो. हे ज्यानं एकदा स्वतःच्या हातानं मोजलं, त्याला "हे गणित कशाला शिकायचं" असा प्रश्न पुन्हा पडत नाही.

मोठ्या शास्त्रज्ञांनाही ही गाठ दुसऱ्याकडून घालून घ्यावी लागली आहे. १९२५ साली हायझेनबर्गनं अणूसाठी एक विचित्र गुणाकार मांडला. त्यात क्रम बदलला की उत्तर बदलायचं. तो मॅट्रिक्सचा गुणाकार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. ते ओळखलं मॅक्स बॉर्ननं, कारण विद्यार्थी असताना तो ते बीजगणित शिकला होता.

आता अडचणी. पहिली वेळेची. विद्युतक्षेत्र शिकताना ग्रेडियंट आणि डायव्हर्जन्स लागतात, आणि गणिताच्या वर्गात ते पुष्कळदा नंतर येतात. थांबू नका. आधी कामापुरतं शिका, वापरा, आणि गणिताच्या तासाला ते पुन्हा भेटेल तेव्हा त्याची सिद्धता नीट बसून लिहा. दुसरी अडचण खुणांची. गोलीय निर्देशकांत फिजिक्सची पुस्तकं उभ्या अक्षापासूनच्या कोनाला थीटा म्हणतात, तर कॅल्क्युलसच्या पुष्कळ पुस्तकांत त्यालाच फाय म्हणतात. हुशार मुलगीही इथे रडकुंडीला आलेली मी पाहिली आहे. वहीच्या पहिल्या पानावरच आपली खूण लिहून ठेवा.

तिसरी अडचण जास्त खोल आहे. फिजिक्सचे सर श्रेणीतलं पद सोडून पुढे जातात, आणि गणिताच्या बाई विचारतात, सोडलेला भाग नक्की किती मोठा होता? मुलांना वाटतं, दोघांपैकी एकजण चुकतोय. तसं नाही. एकाला निसर्गाचं उत्तर हवंय, दुसरीला खात्री. दोन्ही सवयी अंगी बाणायला वेळ लागतो, तो द्या. मात्र सबमिशनच्या धांदलीत गणिताचा सराव तोडू नका. तिथला आठवड्याचा खंड पुढे महिनाभर छळतो.

पालकांसाठी एक माहिती: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये गणित आणि फिजिक्स अशी जोड पदवीच आहे, आणि पुण्याच्या आयसरमध्येही सुरुवातीला सगळी मूलभूत विज्ञानं शिकावी लागतात. पण गावातल्या कॉलेजातही हे दोन विषय एकत्र घेता येत असतील, तर तेवढ्यानं उत्तम पाया होतो.

कॉलेज सुरू व्हायला अजून अवकाश आहे. घरात जाड दोरा असेल, एखादं जड कुलूप असेल. दाराच्या चौकटीला टांगा, भिंतीवर कोनमापकानं पाच आणि तीस अंशांच्या खुणा करा. प्रत्येक कोनाला पाच-पाच वेळा मोजा, सरासरी काढा. आकडे कागदावर आले, की मग पुस्तकातली ती श्रेणी उघडा.