टॅब उठायला वेळ का लावतो?

टॅबचं बटण दाबलं आणि पडदा काळाच राहिला, की आपला अंगठा लगेच दुसऱ्यांदा बटणावर जातो. पुष्कळदा घोटाळा तिथेच होतो. पहिल्यांदा दाबल्यावर टॅब उठायला लागलेला असतो, दुसऱ्यांदा दाबल्यावर तो पुन्हा झोपतो. तेव्हा बटण एकदाच दाबा आणि मनात दहा आकडे मोजा. एवढं करूनही रोज वाट पाहावी लागत असेल, तर आत काय चाललंय ते पाहायला हवं.

झोपलेला टॅब बंद नसतो. तुम्ही अर्धवट वाचलेलं पान, मुलाचा थांबवलेला व्हिडिओ, हे सगळं रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत असतं. रॅमच्या प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी सूक्ष्म भार असतो आणि तो सतत गळत असतो. म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांच्या आत तो पुन्हा भरावा लागतो. पडदा विझलेला, प्रोसेसर जवळपास थांबलेला, तरी रॅमला वीज मिळतच राहते. त्यामुळे बटण दाबताच काम जिथे सोडलं होतं तिथे सापडतं. पण बॅटरीही रात्रभर थोडी थोडी उतरत राहते.

बॅटरीची ही गळती थांबवायची, तर रॅममधलं सगळं कायमच्या स्टोरेजवर लिहून ठेवायचं आणि वीज तोडायची. याला हायबरनेशन म्हणतात. ओट्यावर मांडलेला पसारा तसाच ठेवून दुपारी पडणं वेगळं, आणि डबे, परात, पोळपाट सगळं माळ्यावर चढवून गावाला जाणं वेगळं. परत आल्यावर आधी सगळं माळ्यावरून उतरवावं लागतं.

विंडोजच्या टॅबमध्ये हे दोन्ही प्रकार एकामागून एक घडतात. संगणकाच्या झोपेचे हे टप्पे इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी 1996 मध्ये एसीपीआय नावाच्या मानकात ठरवले. पुढे 2012 मध्ये विंडोज 8 आलं, तेव्हा टॅबने मोबाइलसारखं चटकन उठावं, झोपेतही मेल घ्यावेत, अशी नवी हलकी झोप आली. ती सोयीची आहे, पण बॅटरी खाते. म्हणून आता ठरावीक वेळ गेला किंवा झोपेत बॅटरी प्रमाणाबाहेर उतरली, की असा टॅब आपणहून हायबरनेशनमध्ये जातो. दुपारी क्षणात उठणारा टॅब सकाळी का रेंगाळतो, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. एक ढोबळ हिशेब करून पाहा. 4 जीबी मजकूर, आणि सेकंदाला 150 एमबी वाचणारं स्वस्त स्टोरेज: सत्तावीस सेकंद झाले. मजकूर दाबून लहान केलेला असतो, रिकामी रॅम लिहिलीच जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ कमी लागतो. पण वाट पाहावी लागते ती याच कामाची.

अँड्रॉइडच्या टॅबचं दुखणं बहुधा वेगळं असतं. तिथे टॅब उठतो, पण बोटाला दाद देत नाही. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून पडून राहिलेल्या टॅबमधल्या ॲपना इंटरनेट आणि काम दोन्ही अडवून धरलं जातं. चार दिवसांनी टॅब उघडला, की तुंबलेले मेसेज, बॅकअप, अपडेट एकदम धावून येतात. त्यात रॅम 2 जीबी असेल, तर होम स्क्रीनलासुद्धा मेमरीतून बाहेर काढलेलं असतं. ती नव्याने भरावी लागते.

आणि खरी मेख स्टोरेजमध्ये आहे. टॅबचं स्टोरेज म्हणजे फ्लॅश मेमरी. तिच्यावर जुन्या जागी नवं लिहायचं, तर आधी अख्खा गठ्ठा पुसावा लागतो. रिकामी जागा संपत आली, की हे पुसणं ऐन कामाच्या वेळी होतं. 2012 चा नेक्सस 7 हा टॅब सुरुवातीला चपळ होता. वापरता वापरता तो जड होत गेल्याचा अनुभव पुष्कळांना आला. 2013 च्या अँड्रॉइड 4.3 मध्ये ट्रिमची सोय आली. टॅब निवांत पडलेला असताना, निरुपयोगी झालेली जागा कोणती हे ती स्टोरेजला कळवते. म्हणून चार-पाच जीबी जागा मोकळी ठेवणं आणि टॅब अधूनमधून रात्री चार्जिंगला लावून सोडणं, हे दोन्ही उपयोगी पडतं.

दोष कुठे आहे हे घरीच ओळखता येतं. टॅब पाच मिनिटं झोपवून उठवा, मग रात्रभर झोपवून उठवा. फक्त सकाळी वेळ लागला, तर बहुधा बिघाड नाही. तो बॅटरी वाचवतोय. दोन्ही वेळा लागला, तर जागा रिकामी करा, नको ती ॲप काढा, टॅब एकदा पूर्ण बंद करून चालू करा. बॅटरी अगदी तळाला गेली असेल, तर तो झोपलेला नसून बंद पडलेला असतो. काही मिनिटं चार्जरवर राहू द्या.

2020 मध्ये शाळा ऑनलाइन झाल्या आणि कित्येक घरांनी पोटाला चिमटा काढून मुलांसाठी टॅब घेतले. त्यातले बरेच आज मंद म्हणून कपाटात पडलेत. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण जाहिरातीत कॅमेरा आणि पडदा मोठ्या अक्षरांत छापतात, आणि ज्यावर रोजचा वेग ठरतो ते स्टोरेज कुठल्या जातीचं, हे बारीक अक्षरांतही सापडत नाही. ईएमएमसी जातीचं स्टोरेज एका वेळी वाचतं किंवा लिहितं. यूएफएस जातीचं दोन्ही एकदम करतं. नवा टॅब घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला रॅम किती आणि स्टोरेज यातलं कोणतं, हे आधी विचारा. त्याला सांगता आलं नाही, तर मॉडेलचा नंबर लिहून घ्या आणि घरी येऊन शोधा. पैसे त्यानंतर द्या.