रोमचे पाट आणि बऱ्हाणपूरच्या कुंड्या

श्रोतेहो, प्राचीन रोमचे नाव निघाले की सीझरच्या स्वाऱ्या आणि विजयाच्या कमानी डोळ्यांपुढे येतात. परंतु सामान्य रोमन नागरिकाचा दिवस ज्यावर चाले ती वस्तू याहून पुष्कळ साधी होती. ती म्हणजे पाणी. दुपार टळली की एक क्षुल्लक नाणे देऊन तो सार्वजनिक स्नानगृहात जाई. तेथे कोमट, उष्ण आणि शीत अशी निरनिराळी दालने असत. फरशीखालून खेळविलेली गरम हवा ती तापवी. तेथे स्नान होई, व्यायाम होई आणि गप्पाही रंगत. घरात नळ असणे हे श्रीमंतीचे लक्षण होते; इतर लोक चौकातील हौदावरून पाणी नेत.

हे पाणी दूरच्या डोंगरांतून येई. पहिला पाट इ. स. पूर्व ३१२ मध्ये बांधला गेला, इ. स. २२६ पर्यंत त्यांची संख्या ११ झाली. चित्रांत आपण उंच कमानी पाहतो, पण या पाटांचा बहुतेक भाग जमिनीखालूनच जाई आणि केवळ उताराच्या बळावर पाणी शहरात पोहोचे.

बऱ्हाणपूरकरांना हे वर्णन परके वाटण्याचे कारण नाही. खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ साली, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने येथे कुंडी भंडारा सिद्ध केला, असे सांगतात. सातपुड्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी भुयारात अडवून ते उताराने शहराकडे आणले. या भुयारावर विहिरीसारख्या शंभराहून अधिक कुंड्या असून त्यांतून आत हवा व उजेड जातो. ही रोमची नक्कल नव्हे. ही विद्या इराणातील कनातींची. तरीही शाही किल्ल्यातील चित्रित छताचा हमामखाना पाहताना रोमच्या स्नानगृहांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या दोन्ही नगरांचा शत्रूही एकच, तो म्हणजे पाण्यातील चुना. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीखात्यावर नेमलेल्या फ्रॉन्टिनसने लिहून ठेवले आहे की, पाटात साचलेला गाळ कठीण होऊन वाट अरुंद करतो. म्हणून देखभालीस ७०० गुलाम होते. त्यांत गवंडी होते, गिलावा करणारे होते, गस्त घालणारेही होते. चोरून नळ जोडणारे लोक त्या काळीही होतेच! पुढे ५३७ मध्ये गॉथांनी वेढ्यात पाट तोडले, स्नानगृहे कोरडी पडली आणि रोमची जुनी दिनचर्याच संपुष्टात आली.

बऱ्हाणपूरच्या भुयारातही चुन्याची पुटे चढून पाण्याची वाट अरुंद होत आहे. २०२४ मध्ये हे स्थळ युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशांच्या यादीत आले, ही अभिमानाची गोष्ट खरी. पण यादीने पुटे निघत नाहीत. ती खरवडणारे हात हवेत, आणि ज्या टेकड्यांतून पाणी झिरपते त्यांवर झाडे हवीत. पाट बांधणाऱ्यांची नावे इतिहास लक्षात ठेवतो. पाणी मात्र, श्रोतेहो, पाट साफ करणाऱ्यांमुळेच वाहत राहते.