अनंताने भरलेली रांग

(जासई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



हे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांचं गाव. जमिनीच्या गुंठ्यागुंठ्याचा हिशेब मागायला शिकलेलं. अशा गावात आकड्यांवर बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. संगणकात आकड्यांची एक लांबलचक रांग करतात, तिला अॅरे म्हणतात. कित्येकदा हिशेब सुरू होण्याआधी त्या रांगेच्या प्रत्येक घरात ‘अनंत’ भरून ठेवतात. ते का, एवढंच आज सांगायचं आहे.

अशा रांगा एकाखाली एक मांडून आपल्या भागाचाच तक्ता करू. जासई, चिरले, उरण, पनवेल, शिवडी, घारापुरी ही नावं आडवी लिहा, तीच उभी लिहा, आणि प्रत्येक चौकटीत त्या दोन ठिकाणांमधला थेट रस्ता किती किलोमीटर ते भरा. आता 2023 सालात जा. चिरले आणि शिवडी यांच्यामध्ये खाडी, थेट रस्ता नाही. त्या चौकटीत काय लिहाल?

पुष्कळ विद्यार्थी शून्य लिहितात. पण शून्य अंतराचा अर्थ चिरले आणि शिवडी एकाच जागी आहेत असा होतो. मग यंत्र सगळी वाहतूक त्या फुकटच्या वाटेने पाठवतं. दुसरे काही जण एखादी अवाढव्य संख्या लिहितात. हे जास्त घातक, कारण चूक लगेच दिसत नाही. 32 बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647. तिलाच अनंत मानलं आणि पुढच्या रस्त्याचे दहा किलोमीटर तिच्यात मिळवले, की बेरीज उलटून थेट उणे दोनशे चौदा कोटींच्या घरात जाते. नसलेला रस्ता सगळ्यांत जवळचा ठरतो!

इथे हवी अशी संख्या, जिच्यात कितीही मिळवलं तरी ती हलणार नाही. ती कल्पना आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी शके 1072 मध्ये, म्हणजे 1150 साली, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्यांच्या बीजगणितात ‘खहर’ राशी येते. ख म्हणजे शून्य, ते ज्याच्या छेदात आहे ती राशी. तिच्यात काही घातलं किंवा काढलं तरी ती बदलत नाही, हे सांगताना त्यांनी सृष्टीच्या उत्पत्ती-प्रलयातही अविकारी राहणाऱ्या अच्युताचा दाखला दिला.   

1985 साली संगणकातल्या अपूर्णांकांच्या गणनेचं आयईईई 754 हे मानक आलं. त्यामागे बर्कलीचे विल्यम काहान यांचं मोठं काम होतं. त्यात अनंताला स्वतःची खूण मिळाली आणि अनंत अधिक पाच बरोबर अनंत हा नियम यंत्रात बसला. एक फरक मात्र लक्षात ठेवा. शून्याने गुणलेल्या राशीला पुढे शून्यानेच भागायचं असेल, तर मूळ राशी तशीच राहते असं भास्कराचार्य म्हणतात. यंत्र ते मान्य करत नाही. शून्य भागिले शून्य असो की शून्य गुणिले अनंत, त्याला ते ‘नॅन’ म्हणतं, म्हणजे ही संख्याच नव्हे. मला यंत्राची बाजू पटते. मूळ राशी कोणती होती, हे शून्याला ठाऊक नसतं.

म्हणून रांग भरतानाही जपायला हवं. पायथन या संगणकभाषेच्या नमपाय संचात ‘फुल’ ही आज्ञा आहे. घरं किती आणि प्रत्येकात काय, हे तिला सांगायचं. ज्युलिया या भाषेत ‘फिल’ आहे. शून्यांची रांग करून तिला अनंताने गुणाल, तर सगळ्या घरांत नॅन येईल. नमपायच्या ‘एम्प्टी’ने केलेली रांग रिकामी नसते, स्मृतीत आधी पडलेलं काहीही तिच्यात निघतं. आणि पूर्णांकांच्या रांगेत अनंत बसतच नाही. 64 बिटांच्या अपूर्णांकात अकरा घातांक-बिट सगळे एक आणि पुढचे बावन्न बिट सगळे शून्य, अशी त्याची खूण असते. पूर्णांकात तशी सोय ठेवलेलीच नाही.

आता जासईहून निघू. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या, सर्वांत जवळची वाट शोधायच्या पद्धतीत निघायच्या गावाला शून्य आणि बाकी सगळ्यांना अनंत देतात. कुठलाही सापडलेला रस्ता अनंतापेक्षा लहानच, म्हणून पहिली वाट आपोआप नोंदली जाते. पुढे तिच्याहून जवळची सापडली तर आकडा घटतो. पहिल्या तुलनेसाठी वेगळा नियम लागत नाही, ही या रांगेची खरी कमाई.

12 जानेवारी 2024 रोजी ही खाडी ओलांडणाऱ्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. तक्त्यातल्या शिवडी-चिरले चौकटीतला अनंत पुसून तिथे सुमारे 21.8 लिहावं लागलं. त्या एका चौकटीने शिवडीपर्यंतची कितीतरी उत्तरं बदलली. घारापुरी आपल्याच उरण तालुक्यात, पण तिथे जायला लाँच लागते. हिशेब संपला तरी घारापुरीच्या घरात अनंतच उरतो, आणि ते उत्तर अचूक आहे.

इथे बसलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. उद्या शाळेच्या संगणकावर आपल्या गावांचा असा तक्ता करा. एकदा शून्य भरून बघा, एकदा अनंत भरून बघा, आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून आपल्या गणिताच्या बाईंना, सरांना दाखवा.